नातीला बायबल वाचून दाखवताना अवघड पानं सोडावीत का? एका आजीचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. नात 7 वर्षांची, रोज रात्री झोपताना तुम्ही तिला बायबल वाचून दाखवता, परवा देव अब्राहामाला त्याचा मुलगा इसहाक याचा बळी द्यायला सांगतो ती गोष्ट आली आणि तुम्ही हळूच पान उलटलंत तर तिच्या ते बरोबर लक्षात आलं, म्हणाली आजी तू पान का सोडलंस. त्यात मुलगा चर्चला येत नाही, सून ख्रिस्ती नाही, म्हणजे या पोरीला जे काय मिळायचं ते तुमच्याकडूनच, आणि आपण ते नीट देतोय का याची धास्ती. माझ्या घरात साधारण हेच चित्र आहे, माझी नात आता 11 ची झाली, म्हणून लिहायला बसले. थोडं लांबेल.

पान सोडू नका. वाचा. पण वाचून झाल्यावर लगेच अर्थ सांगत बसू नका, गप्प बसा थोडं. मला हे कळायला एक पिढी लागली.

माझ्या मुलाच्या वेळी मी नेमकं उलटं केलं. त्याने काही मोडलं, खोटं बोलला, की शिक्षा म्हणून वचनं लिहायची. स्तोत्र 103 तर त्याने किती वेळा लिहिलं असेल, 22 वचनं आहेत, सगळी, चुकलं की परत पहिल्यापासून. आणि गोष्ट वाचली की मागोमाग माझं सुरू, बघ यातून आपण काय शिकलो, बघ देवाला काय आवडतं. मला वाटायचं मी त्याच्या मनात वचन पेरतेय. तो 16-17 चा झाल्यावर एका रविवारी म्हणाला मी येत नाही, तेव्हापासून आलेला नाही. तो चांगला माणूस आहे, खोटं बोलत नाही, बायको-पोरीला जपतो, माझी औषधं स्वतः भरून ठेवतो. पण बायबल हातात घेत नाही. मी ते त्याच्या हातात शिक्षा म्हणून दिलं होतं, हे मला आता दिसतं आणि त्याचं दुःख आहे मला, अजूनही आहे.

नातीच्या वेळी मी आधी सुनेशी बोलले. हे तुम्हीही करा, केलं नसेल तर उद्याच करा. माझी सून म्हणाली वाचा आई, पण तिला घाबरवू नका, आणि माझ्या आईकडे ती जे ऐकते ते चूक आहे असं सांगू नका. मी हो म्हटलं आणि तो शब्द पाळलाय. यात आपण विश्वासाशी काही तडजोड करतोय असं मला वाटलं नाही, कारण प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचं घर आठवा. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात सरळ लिहिलंय की त्याची आई विश्वास ठेवणारी यहूदी आणि बाप ग्रीक. म्हणजे एका छपराखाली दोन चालीरीती. आणि त्याच घरातल्या बायकांची नावं पौल तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला घेतो, तुझी आजी लोईस आणि तुझी आई युनीके यांच्यात जो विश्वास होता तो तुझ्यातही आहे. नव्या करारात आजी हा शब्द एवढ्या एकाच जागी आहे ताई. लोईसने काय केलं, कसं शिकवलं, एक ओळ नाही. फक्त तिसऱ्या अध्यायात एवढं की तीमथ्याला बालपणापासून शास्त्र माहीत होतं. कुणीतरी वाचून दाखवल्याशिवाय, सांगितल्याशिवाय लेकराला कसं माहीत होणार?

तुमच्या त्या इसहाकाच्या पानाबद्दल. मी ते उत्पत्ती 22 नातीला ती 8 वर्षांची असताना वाचून दाखवलं. पोटात गोळा आला होता माझ्या. लाकडं, विस्तव, सुरी, बाप आणि मुलगा डोंगर चढतायत आणि मुलगा विचारतो कोकरू कुठे आहे. मी पूर्ण वाचलं, देवदूत हाक मारतो, झुडपात एडका अडकलेला दिसतो, तिथपर्यंत. आणि गप्प बसले. ती पण गप्प. मग म्हणाली, आजी, नंतर इसहाक त्याच्या बाबांशी बोलला का?

मी 50 वर्षं ती गोष्ट वाचत आले आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आम्ही दोघींनी पुढची पानं चाळली, इसहाकाची आई सारा मेली, तिच्यासाठी मकपेलाची गुहा विकत घेतली, इसहाकासाठी बायको म्हणून रिबका आणली, अब्राहाम चाकराशी बोलतो, गुहेच्या मालकाशी बोलतो, पण बाप आणि मुलगा एकमेकांशी पुन्हा बोलल्याचं एकही वाक्य तिथे लिहिलेलं नाही. शेवटी 25 व्या अध्यायात अब्राहाम मरतो तेव्हा इसहाक आणि त्याचा सावत्र भाऊ इश्माएल दोघं मिळून त्याला त्याच गुहेत पुरतात, दोघंही, ज्याला घरातून काढलं तोही. नात म्हणाली म्हणजे आले तरी. मी म्हटलं हो, आले. देवाने असं का सांगितलं असेल म्हणून तिने विचारलं तर मी खरं तेच सांगितलं, मला पूर्ण कळलेलं नाही, मी अजून वाचतेय. त्यावर तिला काही वाईट वाटलं नाही, उलट दुसऱ्या दिवशी ती स्वतःच पुस्तक घेऊन आली.

सगळंच सगळ्या वयाला नाही हे मलाही मान्य आहे. शास्ते या पुस्तकाचा शेवटचा भाग मी अजून तिच्यासमोर काढलेला नाही, तो मोठ्यांनीसुद्धा दम धरून वाचावा असा आहे. कुठलं पुस्तक कधी काढायचं ते आपण ठरवावं, पण एकदा गोष्ट सुरू केली की मध्येच कात्री लावू नये, मुलांना कात्रीचा आवाज ऐकू येतो.

अर्थ सांगू नका म्हटलं तर तुम्ही म्हणाल पहिल्या मंडळीतल्या फिलिप्पाने नाही का सांगितला. बरोबर. प्रेषितांच्या 8 व्या अध्यायात तो कूशी, म्हणजे इथिओपियाचा, अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होता आणि मोठ्याने वाचत होता, म्हणून तर फिलिप्पाला ऐकू गेलं. पण बघा ना, त्या माणसाने आधी विनंती केली की वर येऊन माझ्याजवळ बसा, मग त्याने प्रश्न विचारला, आणि फिलिप्पाने तो जिथे वाचत होता तिथूनच सुरुवात केली. शेजारी बसणं आधी, प्रश्न नंतर, उत्तर सगळ्यात शेवटी. मी मुलाच्या बाबतीत उत्तरापासून सुरू केलं होतं.

शब्दांवर मात्र थांबायचं, तिथे मजा असते. आपल्या बायबलची मराठी कधीकधी मुलांना दगडासारखी लागते, तारण, करार, प्रायश्चित्त. एकदा वल्हांडण आलं. म्हणजे काय? मी म्हटलं मिसरमध्ये देव इस्राएल लोकांच्या घरांना ओलांडून पुढे गेला, त्याचा सण, त्यावरून. ती म्हणाली उंबरा ओलांडतात तसं? हो, तसंच. मग निर्गमच्या 12 व्या अध्यायात दाराच्या चौकटीला रक्त लावलंय ते तिला आपोआप कळलं, चौकट, उंबरा, ओलांडणं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं घालून सगळं बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणलं, 1922 मध्ये त्या गेल्या तोवर ते काम चालू होतं. कुणीतरी एकेका शब्दासाठी एवढं झिजलंय तर आपण एका शब्दावर 5 मिनिटं थांबायला काय हरकत आहे.

मागच्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि काही दिवस वाचायचं बंद, तेव्हा नात म्हणाली मी वाचते. तिने मत्तयापासून सुरू केलं, आणि मत्तयाची सुरुवात म्हणजे येशूच्या पूर्वजांच्या नुसत्या नावांची यादी, याला हा झाला त्याला तो झाला. मी म्हटलं हे राहू दे बाळा, पुढे जा. ती म्हणाली आपण पानं सोडत नाही ना. आणि अडखळत, बोट फिरवत वाचत गेली आणि पाचव्या वचनाला एकदम ओरडली, आजी, रूथ! आपली रूथ! बवाजाला रूथपासून ओबेद झाला. तिला यादीत ओळखीचं माणूस भेटलं होतं. मग आम्ही शोधलं अजून कोण बायका आहेत, तामार, राहाब, रूथ, आणि उरीयाची बायको जिचं नावसुद्धा मत्तय लिहीत नाही, आणि शेवटी मरीया. पट्टी लावलेल्या डोळ्यांनी पडल्या पडल्या मी ऐकत होते आणि मला वाटलं मी ही यादी आयुष्यभर घाईघाईत वाचली.

बायबल सोडून बाकी वाचन पण तुम्ही विचारलंय. चर्चमध्ये काही जण म्हणतात मुलांना दुसरी पुस्तकं कशाला. मला ते अजिबात पटत नाही. पौल अथेन्सला उभा राहून बोलतो तेव्हा तिथल्या लोकांच्याच कवींची ओळ त्यांना सांगतो, म्हणजे त्याने ते कवी वाचले किंवा ऐकले होते. आणि तीमथ्याच्या त्याच दुसऱ्या पत्रात, ज्यात लोईस आजी आहे, शेवटी तुरुंगातून काय मागवतो? त्रोवसला राहिलेला झगा आण, आणि पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं, आणि हिवाळ्याच्या आत ये. थंडी येतेय, मरण जवळ आहे हे तो स्वतःच लिहितो, आणि याला पुस्तकं हवीत. मला ते वचन फार आवडतं. नात पऱ्यांच्या, डिटेक्टिव्हच्या, डायनासोरच्या काय वाट्टेल त्या गोष्टी वाचते, मी पण कादंबऱ्या वाचते, संध्याकाळी दोघी शेजारी शेजारी आपापलं पुस्तक घेऊन बसतो. मुलं आपण काय सांगतो त्यापेक्षा आपण कशात गुंगून जातो ते बघतात. मोबाईलवर बायबलचं ॲप आहे माझ्याकडे, अक्षर मोठं करता येतं म्हणून चांगलं आहे, पण तिच्याबरोबर मी कागदाचंच घेते.

आमचं घरातलं बायबल जुनं आहे, पाठीला चिकटपट्टी, पहिल्या कोऱ्या पानावर जन्म, बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू यांच्या तारखा. माझे मिस्टर गेल्यावर ती तारीख लिहायला मी ते उघडलं आणि चाळताना स्तोत्र 88 ला मार्जिनमध्ये पेन्सिलची उभी रेघ दिसली, त्यांचीच, ते पेन्सिल दाबून ओढायचे. तुम्हाला माहीत असेल, बाकी दुःखाची स्तोत्रं कुठेतरी आशेकडे वळतात, हे एक वळतच नाही, शेवटचा शब्द अंधार. कधी ओढली, कोणत्या दिवसांत, काही नाही. इतकी वर्षं एका घरात राहून मला त्यांच्या त्या अंधाराचा पत्ता नव्हता. त्यांनी तो मला सांगितला नाही, पण त्यासाठी त्यांच्याकडे एक पान होतं. तेव्हापासून मी अवघड पानं सोडणं बंद केलं. तुमच्या नातीला ते पान आज लागणार नाही, 40 वर्षांनी लागेल कदाचित.

मुलाबद्दल. तो चर्चला येत नाही म्हणून मी आता काही बोलत नाही, प्रार्थना करते. जुन्या काळचे थोर ख्रिस्ती संत ऑगस्टिन, त्यांची आई मोनिका मुलासाठी वर्षानुवर्षं रडली हे सगळे सांगतात, पण ती आजी पण होती, 387 च्या ईस्टरला मिलानमध्ये ऑगस्टिनचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तिच्या नातवाचा, अदिओदातुसचा, पण त्याच्याबरोबर झाला. मी देवाकडे हट्ट करत नाही तसंच व्हावं म्हणून. एक प्रसंग मात्र सांगते. दोन-तीन महिन्यांपूर्वी मी नातीला स्तोत्र 103 वाचत होते, नवीन चष्म्याची सवय नव्हती, मनुष्याचं आयुष्य गवतासारखं, रानातल्या फुलासारखं, तिथे माझी एक ओळ सुटली. शेजारच्या खोलीत मुलगा लॅपटॉपवर काम करत होता, दार अर्धं उघडं. तिथूनच म्हणाला, आई, वारा राहिला. वारा वरून गेला की ते नाहीसं होतं, ती ओळ. मी हं म्हटलं, मागे गेले, ती वाचली आणि पुढे वाचत राहिले. नातीने विचारलं बाबांना कसं माहीत? मी म्हटलं त्यांनी लहानपणी खूप वेळा लिहिलंय. का लिहिलं ते तिने विचारलं तेव्हा तेही सांगितलं, माझी चूक होती हेसुद्धा, मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असं. तो काही बोलला नाही. टाइप करायचा आवाज थोडा वेळ थांबला होता एवढं मला आठवतं.

तर ताई, तुम्ही आज रात्री नातीला सांगा की मी परवा पान सोडलं कारण मला भीती वाटली, आणि तिला विचारा आता वाचूया का. ती नको म्हणाली तर रूथच्या पुस्तकापासून घ्या, 4 अध्याय आहेत, पहिल्यात 22 वचनं, 10 मिनिटांत होतो. त्यात रूथची जाऊ अर्पा सासू नामीचा मुका घेऊन माहेरी परत जाते, तिच्याबद्दल बायबल एकही वाईट शब्द बोलत नाही, तिथे नात काय विचारते बघा. तिसऱ्या अध्यायातला खळ्यावरचा प्रसंग आधी एकट्याने वाचून ठेवा, प्रश्न येणारच. आणि चौथ्याच्या शेवटी नामी रूथचं बाळ उराशी धरते आणि शेजारणी म्हणतात नामीला मुलगा झाला, तिथे पोचलात की मला इथे लिहून कळवा.