गिरणीच्या किल्ल्या दिल्या, सांगायचं राहिलं ते

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं "हो, हो" करत होते. त्यातलं निम्मं मला ऐकूच आलं नाही. 39 वर्षं गिरणीच्या पट्ट्याशेजारी उभी राहिले. डावा कान गेल्यातच जमा आहे, उजवा फोनवर दगा देतो. तू रडवेली झाली होतीस, असं सूनबाईने नंतर सांगितलं. एक बाई म्हणाली भाकरी मोडते, दुसरी म्हणाली पीठ पावशेर कमी भरलं, आणि तिसरी म्हणाली, "काकूंच्या वेळी असं नव्हतं." काकूंच्या वेळी असं रोज होतं. मी गिरणीत उभी राहिले तेव्हा ह्याच बायकांच्या सासवा मला म्हणायच्या, "तुझ्या सासऱ्याच्या वेळी असं नव्हतं हो." तू तो शेरा मनावर घेऊ नकोस. पहिल्या दोन तक्रारी मात्र घे.

आधी भाकरीचं. दुसरं काही करण्याआधी दगड बघ. दळून पडणारं पीठ हाताला कोमट लागलं तर ठीक. चटका बसत असेल तर दगड बोथट झालाय आणि दाणा दळला न जाता रगडला जातोय. असं भाजलेलं पीठ थापायला घेतलं की कडेला चिरा पडतात. टाकी लावून, म्हणजे दगडाच्या चऱ्या छिन्नीने परत कोरून, किती दिवस झाले? मी जाताना लावून घेतली होती, त्याला आता तीन महिने होतील. अमावास्येला गिरणी बंद ठेवायची आपली रीत देवासाठी आहे असं सासूबाई सांगायच्या. खरं तर त्या दिवशी दगड खाली उतरवायचे असतात. टाकीवाला बोलव, शेजारी उभी राहा, चऱ्या मधून कडेकडे कशा जातात ते बघून ठेव. दोन-तीन वेळा बघितलंस की छिन्नी स्वतः धरशील. मीही तशीच शिकले.

दगड धड असेल तर दोष ज्वारीचा. आपल्याकडची शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात येते. पुढच्या पावसाळ्यानंतर तिची चिकाटी कमी होत जाते, आणि कुणी पावसात भिजलेली खरिपाची ज्वारी स्वस्तात घेतली असेल तर विचारूच नकोस. त्यातही बायका महिन्याचं दळण एकदम नेतात. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांत विरी जातं, त्याची चिकाटी जाते. मग ती भाकरी उलथताना तव्यावर नकाशा होणारच. पण गिऱ्हाइकाला "तुमची ज्वारीच खराब" असं म्हणू नकोस. आपल्या घरची दोन मुठी ज्वारी तिच्यासमोर दळ, पीठ पुडीत बांधून दे आणि म्हण, "वहिनी, आज ह्याची करून बघा, उद्या सांगा." तिचं तिला कळतं. वर हेही सांग की आधणाच्या पाण्यात उकड काढून मळा आणि आठवड्यापुरतंच दळून न्या. आठवड्याचं दळण म्हणजे बाई महिन्यातून चारदा तुझ्या दारात येते, ही त्यातली आपली सोय.

आणि हे नीट समजून घे, कारण तुझा सगळा धंदा ह्यावर उभा आहे. गव्हाचं पीठ आता पाकिटात मिळतं, निम्म्या कॉलनीत घरघंट्या आल्यात. ती गिऱ्हाइकं गेली, त्यांच्यामागे पळू नकोस. पण ज्वारीचं पीठ टिकत नाही, पाकिटातलं आणलं तरी त्याची भाकरी मोडते. बार्शीत दोन वेळा भाकरी खाणारं घर अजून आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात फोटो आले. आपल्या गिरणीला ती मालदांडी ज्वारी त्याच्या कितीतरी आधीपासून पोसत आलीय. सासरे तर 1972 चा दुष्काळ सांगायचे. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची तांबडी ज्वारी, आला होता. पीठ तांबूस, भाकरी वातड, पण गिरणी दिवसभर चालू, कारण पोट थांबत नाही. म्हणून गव्हासाठी दर पाडू नकोस, ज्वारीसाठी दगड चांगला ठेव.

आता पावशेराचं. दहा किलोमागे शंभर-दीडशे ग्रॅम घट येतेच. थोडं पीठ उडतं, थोडं दगडात राहतं, गरम दाण्यातला ओलावा जातो. हे तू सांगितलंस तर चोराने कारण सांगितल्यासारखं वाटतं. म्हणून डबा आला की रिकाम्या डब्याचं वजन, मग दाण्यासकट वजन, तिच्यादेखत, आणि आकडा खडूने डब्यावर. ती नसेल तर चिठ्ठी आत टाक. दळून झालं की पिठाचंही वजन तिथेच. काट्याची वैधमापनवाल्यांकडून दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते. ते प्रमाणपत्र कपाटात ठेवू नकोस, भिंतीला लाव. खाली उडालेलं पीठ संध्याकाळी झाडून वेगळ्या पोत्यात भर आणि ते म्हशीवाल्याला सगळ्यांसमोर दे. पोतं आत नेताना कुणी बघितलं, की ते पीठ तुझ्या घरच्या चपातीत गेलं असंच समज.

दळणाचा क्रम तुला वहीत लिहून दिलाय, तरी परत सांगते. एकादशीच्या आदल्या दिवशी भगवंताच्या देवळाकडची सगळी आळी राजगिरा नाहीतर भगर घेऊन येते. ते पहाटे, दगड पुसून, सगळ्यांत आधी. ज्वारीचा कण उपासाच्या पिठात गेला तर ती बाई काही बोलणार नाही, पण परत येणारही नाही. मग गहू, मग ज्वारी, बाजरी शेवटी. हरभऱ्याच्या डाळीला वेगळी वेळ ठरव, आणि लाडवाचं की भज्याचं हे विचारल्याशिवाय दगड जवळ आणू नकोस. चकलीची भाजणी गरम असताना कधी टाकू नकोस. तीळ आणि शेंगदाण्याला तर स्वच्छ नाही म्हण. तेलाने दगड बसतो आणि दिवाळीच्या तोंडावर तुझा अख्खा दिवस जातो. रांग कुणासाठी मोडू नकोस, नगरसेवकाच्या घरचा डबा असला तरी. फक्त दहाव्या-तेराव्याचं दळण आलं तर मुकाट्याने पुढे घे. रांगेतल्या बायका काही म्हणत नाहीत.

ओढणी घेऊन गिरणीत येऊ नकोस. केस वर बांध, हातात काचेच्या बांगड्या नकोत. 1991 साली माझा पदर पट्ट्यात गेला. हे बाहेर पोती मोजत होते. मी ओरडले ते त्यांना ऐकू गेलं नाही, गिरणीत कुणाचंच ओरडणं ऐकू जात नाही. पदर फाटला म्हणून मी वाचले. तेव्हा बटण पलीकडच्या भिंतीवर होतं. आता ते हाताशी आहे, ते मीच सरकवून घेतलंय. तिथून हलवू नकोस, आणि पट्ट्यावरची जाळी काढून "जरा वेळ चालवते" असं करू नकोस. नाकाला रुमाल बांध. कानात कापूस घाल. मी घातला नाही.

आवाजावर ध्यान ठेव. दाणा संपत आला की दगडाचा सूर चढतो. त्याआधी हात दगड लांब करायच्या चाकावर गेला पाहिजे, नाहीतर दगडाला दगड लागतो आणि जळका वास येतो. भारनियमनाच्या वर्षांत, 2005 नंतर, वीज यायची रात्री एकला. मी एक ते चार दळायची. मुलं पोत्यांवर झोपायची, आणि गिरणीच्या आवाजाने नाही, ती बंद पडली की जागी व्हायची. धाकटा अजून पंखा बंद केला की उठून बसतो.

हे सगळं हातांचं. फोनवर तू विचारलं नाहीस, पण मला खरं सांगायचं होतं ते दुसरंच.

डबा उघडला की घर दिसतं. कुणाकडे ज्वारीचा डबा दहा किलोवरून सहावर आला, म्हणजे मुलगा वेगळा निघाला. कुणाकडे मधेच नाचणी आली, म्हणजे सून बाळंतीण आहे किंवा म्हाताऱ्याला साखर निघाली. रेशनचं वाटप झालं की चार दिवस तुझी रांग रस्त्यापर्यंत जाईल. 2023 च्या जानेवारीपासून ते धान्य फुकट मिळतं, निम्मं गाव ते घेतं, आणि तरीही बायका तो गहू झाकून आणतात.

तुझ्यासारखीच मी नवी होते. एक वहिनी डबा ठेवून गेल्या. मी नरसाळ्यात ओतायला लागले तर वर चार बोटं शरबती, लांबट, सोनेरी. खाली बारका, मळकट, खडे असलेला रेशनचा गहू. दोन्ही गहू एकसारखे दळले जात नाहीत, हे मी नुकतंच शिकले होते आणि शिकलेलं दाखवायची मला घाई होती. त्या परत आल्या तेव्हा सहा बायका उभ्या होत्या. मी मोठ्याने विचारलं (मोठ्याने बोलायची सवय गिरणी लावतेच), "वहिनी, वरचा गहू वेगळा आणि खालचा वेगळा, एकत्रच दळू का?" त्या काही बोलल्या नाहीत. डबा कमरेवर घेतला आणि गेल्या. त्यांच्या यजमानांचं काम सुटलं होतं, हे मला रात्री ह्यांनी सांगितलं. सहा वर्षं ती बाई माझ्या दारावरून डबा घेऊन स्टँडपलीकडच्या गिरणीत जायची. उन्हातून. मला जाताना दिसायची, परत येताना दिसायची. एकदाही मान वळवली नाही.

सहा वर्षांनी मुलीच्या लग्नाचा गहू घेऊन आल्या. मी पिठाची चिमूट त्यांच्या तळहातावर ठेवली, "बघा, बारीक आहे ना पुरतं." अंगठ्याने चोळून त्यांनी बघितलं आणि मान हलवली. त्यानंतर मी गिरणी सोडेपर्यंत त्यांचं दळण आपल्याकडेच होतं, पण मागची गोष्ट त्यांनी कधी काढली नाही आणि मीही नाही.

उधारीच्या वहीचं तेच. लिहून ठेव, तारखेसकट लिही, पण माणसं असताना ती वही उघडायची नाही. कुणाचे दोनशे राहिले तर दुपारी गिऱ्हाईक नसताना, डबा हातात देताना हळू सांगायचं. तुझ्या सासूबाईंना गल्ल्यावर बसव. त्यांना मान मिळेल, तुला दोन हात मोकळे मिळतील, आणि कुणाचं घर कुठलं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. अडचण एकच, त्यांना गप्प बसणं जमत नाही. ते तू त्यांना सांगू शकणार नाहीस, मी सांगते; दिवाळीला येणार आहे तेव्हा बोलेन. तोवर वही तुझ्याकडे ठेव.

आणखी एक. तुझ्या भिंतीवरचा क्यूआर कोड नवऱ्याच्या खात्याचा आहे, असं सूनबाई म्हणाली. तो माणूस चांगला आहे, चाकणला राबतो, शनिवारी येतो, माझं त्याच्याबद्दल काहीएक म्हणणं नाही. पण बचत गटाचं कर्ज तुझ्या नावावर आहे, हप्ता तुला भरायचाय, विजेचं बिल गिरणी बंद असली तरी स्थिर आकार लावून येतंच. उद्याच बँकेत जा, तुझ्या खात्याचा कोड लावून घे. भांडण करायचं कारण नाही. "हप्ता थेट कापला जाईल, सोपं पडेल" एवढं म्हण. मी पहिली 22 वर्षं घरखर्चाला पैसे मागून घेतले, तेही मीच दळलेल्या दळणाचे. त्या वेळी मला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

इथे पुण्यात माझं बरं चाललंय. सूनबाई माझी काळजी घेते. पीठ दुकानातून येतं, छान पांढरं असतं, आणि त्याची भाकरी माझ्या हाताने थापली तरी मोडते. येत्या रविवारी माझा भाचा बार्शीला येतोय. पाच किलो शाळू बाजार समितीसमोरच्या आपल्या नेहमीच्या दुकानातून घे, टाकी लावल्यानंतरच दळ, आणि पीठ गार झाल्यावर कापडी पिशवीत भरून त्याच्याकडे दे. ज्वारीचे आणि दळणाचे पैसे त्याच्याकडून तिथल्या तिथे घे. तो "मावशी देईल नंतर" म्हणेल. ऐकू नकोस, वहीत लिहू नकोस.

तुझी,
गिरणीवाली काकू