गोळ्या घेतल्यास, टेस्ट कुठाय?

अरे,

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला. घाबरलायस ते कळतंय, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण शेवटच्या ओळीला मी खरंच वैतागलो, 'काका आता लघवीची जळजळ थांबलीये, सोडून देऊ का विषय'. नको सोडूस. ऐरोलीतल्या मेडिकलवाल्याने काउंटरवरनं अझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक दिली, तू घेतलीस, पस यायचा थांबला. पण नेमकं काय झालं होतं ते ना तुला माहीत ना त्याला.

लघवीला जळजळ आणि पस म्हणजे बहुतेक वेळा परमा, म्हणजे गोनोरिया, नाहीतर क्लॅमिडिया, दोन्ही संबंधातून लागणारे, आणि बऱ्याचदा दोन्ही एकदमच असतात. गोनोरियाचा जंतू लय चिवट, पेनिसिलिनला तो कधीच पुरून उरला, सिप्रोलाही उरला, आणि नुसत्या अझिथ्रोमायसिनवरही आता कोणी भरवसा ठेवत नाही. म्हणून डॉक्टर सहसा सेफ्ट्रियाक्सोनचं इंजेक्शन देतात आणि क्लॅमिडियासाठी आठवडाभर डॉक्सीसायक्लिन. हे वाचून परत मेडिकलात जाऊ नकोस हं, तुला काय द्यायचं ते तपासून डॉक्टर ठरवतील.

लॅबमध्ये आयुष्य गेलं म्हणून एक सांगतो. परमा-क्लॅमिडियाच्या टेस्टला लघवी पहिल्या धारेची लागते, नेहमीसारखी मधली नाही, आणि त्याआधी निदान तासभर बाथरूमला गेलेलं नको. पोरं येताना स्टेशनवर मोकळी होऊन येतात आणि मग डबी घेऊन बाहेर बसून राहतात. घेतलेल्या गोळ्यांचं पाकीट बरोबर ने, फेकलं असशील तर निदान नाव सांग.

रक्तही दे. गरमी, म्हणजे सिफिलिस, हा यातला सगळ्यात लबाड आजार. फोड येतो पण दुखत नाही, काही आठवड्यांत आपोआप भरतो, माणूस म्हणतो सुटलो. मग कधीतरी तळहातावर तळपायावर पुरळ येतं, तेही जातं, आणि आजार आत तसाच, पुढे मेंदूपर्यंत पोचू शकतो. सुरुवातीला पकडला तर पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनात काम होतं. एचआयव्हीची टेस्ट आत्ता एक कर आणि त्या रात्रीला तीन महिने झाले की परत एक, कारण लगेच केलेली निगेटिव्ह आली तरी ती पक्की धरत नाहीत. कंडोमशिवाय असं परत कधी झालं तर ७२ तासांच्या आत हॉस्पिटल गाठायचं, एचआयव्ही टाळायला २८ दिवसांच्या गोळ्या असतात. तुझी ती वेळ गेली, आता त्यावर डोकं खाऊ नकोस. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर तेही विचार, तीन डोस असतात.

जायचं कुठे तर सरकारी हॉस्पिटलात, स्किन-व्हीडीच्या, म्हणजे त्वचा आणि गुप्तरोगाच्या, ओपीडीत. ठाण्याचं सिव्हिल आहे, वाशीला महापालिकेचं आहे. एचआयव्ही टेस्ट आयसीटीसीत, म्हणजे सरकारी तपासणी केंद्रात, फुकट होते, आधी काउन्सेलर बोलतो, तुझ्या संमतीशिवाय टेस्ट नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवायचा हे २०१७ च्या एचआयव्ही कायद्यातच आहे. १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन केलास तर जवळचं सेंटर सांगतील. फक्त लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या त्या 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' वाल्यांकडे जाऊ नकोस, ते सगळ्याला धात म्हणतात आणि पुड्या विकतात.

आता जे तू मेसेजमध्ये टाळलंस ते. जिच्याबरोबर संबंध आले तिला सांगितलंस का? बायकांना यात बरेचदा काहीच जाणवत नाही, आणि जंतू वर गर्भनलिकेपर्यंत गेला तर पुढे मूल राहायला त्रास होऊ शकतो. कुणाकडून कुणाला आलं हा वाद आत्ता घालू नका, त्याने कुणाचंच रक्त तपासून होत नाही. सरळ बोल, 'मला इन्फेक्शन झालंय, तुलाही तपासावं लागेल, मी बरोबर येतो.' दोघांची ट्रीटमेंट होऊन वर सात दिवस जाईपर्यंत संबंध नाहीत, नाहीतर तू बरा होशील आणि तिच्याकडून परत घेशील. त्यानंतर कंडोम, आणि त्याला खोबरेल नाहीतर व्हॅसलिन लावू नकोस, तेलाने लॅटेक्स फाटतं.

सोमवारी सकाळी लवकर जा, ओपीडीच्या केसपेपरला रांग असते. ती तयार असेल तर दोघं एकत्रच जा, केसपेपर मात्र वेगवेगळे काढा. रिपोर्ट आले की मला फोटो पाठव.

काका