टाकीचं झाकण उघडायच्या आधी

प्रिय मुली,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. कॅरिबियनमधल्या कॅरिअकू बेटावर, वादळानंतरच्या दुरुस्तीच्या कामाला तीन महिने जायचं नक्की झालंय, आणि "काका, तिथे पोचल्यावर आधी काय करू" असं विचारलंयस. फोनवर सांगता आलं असतं पण फोनवर नेमकं महत्त्वाचं तेच राहून जातं, म्हणून बसून लिहितोय, लांबेल थोडं, सावकाश वाच.

निसर्ग वादळ तू बघितलंयस. ३ जून २०२०, दुपारी दोन-तीन तासांत आपल्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या, आजोबांच्या हातची सुपारी गेली, घराचे पत्रे दुसऱ्याच्या विहिरीत सापडले. त्या वाऱ्याचा वेग ताशी एकशेदहा-वीस किलोमीटरच्या घरात होता. १ जुलै २०२४ ला सकाळी अकराच्या सुमाराला बेरिल चक्रीवादळ थेट कॅरिअकूवर आलं तेव्हा वारा ताशी २४० किलोमीटर होता. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे तुला इंजिनिअरिंगला शिकवलंय, पण तिथल्या टेकडीवर उभं राहून खाली बघितलं ना की तो चौपटचा अर्थ कळतो. जेमतेम चौतीस चौरस किलोमीटरचं बेट, ग्रेनाडा देशाचा एक तुकडा, आणि त्यावर धड छप्पर असलेलं घर शोधावं लागत होतं. शेजारच्या पेटी मार्टिनिकची आणि पलीकडच्या युनियन आयलंडची पण तीच गत. त्याच रात्री हे वादळ पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत गेलं, अटलांटिकमध्ये इतक्या लवकर, जुलैच्या सुरुवातीला, असं आधी कधी नोंदलेलंच नव्हतं.

आता मुद्द्याचं. कॅरिअकूवर नदी नाही. एकही नाही. घरोघरी पाणी येतं ते छपरावरून, पाऊस पत्र्यावर पडतो, पन्हळीतून पाइपात आणि पाइपातून घराखालच्या किंवा घराशेजारच्या काँक्रीटच्या टाकीत. ते तिला सिस्टर्न म्हणतात. म्हणजे छप्पर उडालं की नुसतं डोक्यावरचं आभाळ उघडं पडत नाही, घरातली विहीरच आटते. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की तिथलं निम्मं काम आपोआप कळतं. आपल्याकडे आपण छप्पर आणि पाणी ही दोन वेगळी खाती समजतो, तिथे ते एकच आहे.

आणि हेच मला वेळेवर कळलं नाही, म्हणून ही गोष्ट तुला सांगतो, मी फार कमी जणांना सांगितलीय. बेरिलनंतर मी तिथे ज्या टीमबरोबर होतो त्यांच्याकडे टाक्या साफ करायची छापील पद्धत होती, वादळानंतर टाकीतलं पाणी खराब धरायचं, उपसायचं, घासायचं, क्लोरीन मारायचं. पद्धत चुकीची नाही. आम्ही एका म्हातारीच्या घरी गेलो, ती डोंगरावरच्या शाळेत निवाऱ्याला होती, शेजाऱ्याने हो म्हटलं आणि आम्ही पंप लावला. दीड तासात टाकी कोरडी. संध्याकाळी आजी आल्या, टाकीजवळ गेल्या, झाकण बघितलं आणि काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या पायरीवर बसल्या. मग हळूहळू सांगितलं. वादळाच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः पन्हळीचा पाइप टाकीपासून काढून ठेवला होता, तोंडाला फडकं कोंबून वर दगड ठेवला होता. झाकण काँक्रीटचं, घट्ट. आत थेंब घाण गेली नव्हती. ते पाणी त्यांना पुढचे दोन-तीन महिने पुरणार होतं, आणि आता वर छप्परच नाही तर टाकी परत भरणार कशी? तो पाइप भिंतीला टेकवून नीट उभा केलेला होता, मी त्याच्या शेजारूनच पंपाची नळी ओढत नेली होती, आणि मला तो दिसला नाही. पुढचे कित्येक दिवस आम्ही कॅनमधून पाणी वाहून दिलं. पण ते पाणी त्यांचं नव्हतं ना.

म्हणून आधी काय करू, याचं उत्तर हे आहे: आधी विचार. घरमालकाला विचार, भाडेकरूला नाही, शेजाऱ्याला नाही. आणि विचारायच्या आधी "गुड मॉर्निंग" म्हण. हे किरकोळ समजू नकोस. तिथे दुकानात शिरलीस, बसमध्ये चढलीस, कुणाच्या फाटकाशी उभी राहिलीस की आधी गुड मॉर्निंग, दुपारी गुड आफ्टरनून, अंधार पडल्यावर गुड नाइट, हो, भेटतानाच गुड नाइट. ते न म्हणता थेट "तुमची टाकी कुठेय" केलंस तर माणसं उत्तर देतील पण तुझ्याशी बोलणार नाहीत. मग विचार की वादळाआधी पाइप काढला होता का, पाणी कसं लागतंय, वास येतोय का. नंतर तुझी क्लोरीन तपासायची किट काढ. ती छोटी गोळी नळीत टाकली की पाणी गुलाबी होतं, रंग तक्त्याशी जुळवायचा, घरातल्या पाण्यात क्लोरीन लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम शिल्लक दिसलं पाहिजे. नळी घरातल्या माणसाच्या हातात दे, रंग त्यांना बघू दे. तू निघून गेल्यावर त्यांनाच ते करायचंय.

छपरांचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी दोन गोष्टी. दुपाखीपेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्याला जास्त टिकतं, हे आपल्या कोकणातल्या जुन्या सुतारालाही माहीत होतं. आणि वारा पत्रा दाबून नाही, उचकटून नेतो, म्हणजे खिळे नको स्क्रू, आढ्याजवळ आणि वळचणीला ते जास्त जवळ जवळ, आणि वासा भिंतीला लोखंडी पट्टीने धरलेला. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून सुटं ठेव, ते गेलं तर एकटं जाईल, घराला ओढून नेणार नाही. तिथे पत्र्याला "गॅल्वनाइज" म्हणतात, दुकानात तोच शब्द वापर. आणि पत्रे बसले की त्याच दिवशी पन्हळ बसव, "नंतर बघू" म्हणून सोडू नकोस. पहिल्या पावसाचं पाणी मात्र टाकीत जाऊ द्यायचं नाही, छपरावरची घाण धुऊन जाऊ दे, मग पाइप जोड.

सुतार बाहेरून आणायचा विचार कुणी मांडला तर तू ठामपणे नाही म्हण. विंडवर्ड गावात लोक पिढ्यानपिढ्या समुद्रकाठी उघड्यावर लाकडी होड्या बांधतात, २०२३ मध्ये त्या कलेला युनेस्कोच्या यादीत जागा मिळालीय. बेरिलमध्ये टिरेल बे नावाच्या खाडीतल्या खारफुटीत आसऱ्याला नेलेल्या बोटी एकमेकींवर चढून फुटल्या, कित्येकांची रोजीरोटी त्यात गेली. ज्या हाताला वाकडं लाकूड सरळ कसं बसवायचं ते कळतं त्या हाताला तुझ्या प्रोजेक्टची मजुरी मिळू दे. पत्रे, स्क्रू, क्लोरीन जे हिल्सबरोच्या, म्हणजे बेटावरच्या मुख्य गावाच्या, दुकानात मिळतं ते तिथूनच घे, दोन पैसे महाग पडलं तरी.

इथून कपडे गोळा करून पाठवू का, असं तुझ्या मैत्रिणींनी विचारलंय म्हणालीस. नको. त्यांची माणसं ब्रुकलिनमध्ये आहेत, इंग्लंडात हडर्सफील्डला आहेत, ती निळी पिंपं भरभरून पाठवतात आणि त्यांना माहीत असतं कुणाला काय लागतं. आपण पैसे पाठवू.

एक शब्द शिकून जा, मरून. सगळ्या गावाने मोठ्या भांड्यांत चुलीवर रांधायचं, ढोल वाजवायचे, पूर्वजांची आठवण ठेवायची, आणि एखाद्याचं शेत किंवा घर सगळ्यांनी मिळून उभं करायचं त्यालाही तोच शब्द. आपल्या आजोबांच्या वेळची इर्जिक आठव, तसंच. तुला बोलावलं तर जा, आणि गेलीस तर भांडी घासायला बस, फोटो काढत फिरू नकोस. ताटात मक्याचा गोळा असेल आणि वर शेंगांचे दाणे, ते चाखून बघ, ती आपली तूर आहे. पावसाच्या तोंडावर ते मका आणि तूर एकत्र पेरतात. बेरिल आलं तेव्हा नुकतीच पेरणी झाली होती.

तीन महिन्यांत फार काही उभं राहणार नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस. २००४ च्या आयव्हन वादळात ग्रेनाडाच्या मोठ्या बेटावर जायफळाची झाडं मुळासकट गेली होती, नवीन झाडाला फळ धरायला सहा-सात वर्षं तरी जातात. आपल्या वाडीतली निसर्गनंतर लावलेली सुपारी आत्ता कुठे धरायला लागलीय, आईला विचार.

त्या आजींचं घर हिल्सबरोहून वर जाणाऱ्या रस्त्याला आहे, खुणा तुला वेगळ्या पाठवतो. मी निघालो तेव्हा त्यांचे पत्रे बसले होते, पन्हळ अर्धीच झाली होती. त्यांच्याकडे जा, आधी गुड मॉर्निंग म्हण, माझा नमस्कार सांग, आणि त्या हो म्हणाल्या तरच झाकण उघडून टाकीत पाणी किती चढलंय ते मला कळव.

तुझा,
काका