आधी भेगा दाखव
बांधकाम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना घेऊन पहिल्यांदाच विदर्भातल्या गावात चाललीस ना, तर ड्रॉइंग शीट घरीच ठेव. मे महिन्यात जा. ४५ अंशांच्या उन्हात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात तीच माती फुगते अन् भिंत उचलते. पाया खालच्या घट्ट मुरुमाच्या थरापर्यंत का न्यायचा, हे स्वतः खड्डा खणल्याशिवाय कळत नाही. माझ्या पहिल्या बॅचनं अंगणवाडीचा ओटा खोल पाया न घेता बांधला, दिवाळीपर्यंत तडकला! मग गावच्या मिस्त्रीलाच गुरू केलं. छपरावरचे कवेलू, म्हणजे मातीची कौलं, फेरणाऱ्यांनाही विचार, पण भर दुपारी नको बाप्पा. वाटेत गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातलं १९३६ चं आदी निवास दाखव, त्याच्या मातीच्या भिंतींना हात लावू दे. आणि मिस्त्रीची मजुरी आधीच ठरव.