हिंजवडीजवळ फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा का?

प्रश्न: नमस्कार, वय ४८, चिंचवडला राहतो, खासगी कंपनीत नोकरी. हिंजवडीजवळ ७५ लाखांचा टू बीएचके बघून ठेवलाय, ४५ लाख जवळ आहेत, ३० लाख लोन काढावं लागेल. एजंट म्हणतो २४ हजार भाडं कुठंच नाही गेलं, दरवर्षी वाढतंच. पण आयटीतल्या ले-ऑफच्या बातम्या वाचल्या की पोटात गोळा येतो. घेऊ का थांबू?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: दादा, 'दरवर्षी वाढतंच' म्हणणारा एजंट बहुतेक २०२० साली या धंद्यात नव्हता. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, पोरं लॅपटॉप घेऊन लातूर, जळगाव, नागपूर आपापल्या गावी गेली आणि वाकड-हिंजवडीत मालक भाडं कमी करतो पण राहा म्हणून विनवत होते. माझ्या मावसभावाचा वन बीएचके सात महिने रिकामा, मेंटेनन्स मात्र चालूच. मग २०२२ ला ऑफिसं परत सुरू झाली तसे सगळे एकदमच आले, आणि तेच मालक भाडं वाढवून सांगायला लागले, मिळतही होतं.

यात गंमत अशी की भाडेकरू एका महिन्याच्या नोटिशीवर जातो, पण बिल्डिंग उभी राहायला तीन-चार वर्षं लागतात. सप्टेंबर २०२० ते मार्च २०२१ सरकारने स्टॅम्प ड्युटीत आधी ३ आणि मग २ टक्के सूट दिली होती, रेपो रेटही (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, त्यावर होम लोनचं व्याज हलतं) ४ टक्क्यांवर होता, लोकांनी धडाधड बुकिंग केलं. त्यातली बांधकाम चालू असलेली घरं पुढे तीन-चार वर्षांत ताब्यात आली. म्हणजे घर घेताना आजचं भाडं बघायचं नाही, आजूबाजूला किती टॉवर उभे राहतायत ते बघायचं. एखाद्या रविवारी गाडी काढा आणि दोन किलोमीटरच्या आत किती क्रेन दिसतात ते मोजा, महारेराच्या (बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंद ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर त्या प्रोजेक्टच्या ताब्याच्या तारखाही मिळतात. तुमच्या ताब्याच्या वर्षीच अजून हजार फ्लॅट येणार असतील तर २४ हजार विसरा.

आता हिशेब. वर्षातला एक महिना रिकामा धरला तर हातात २ लाख ६४ हजार, त्यातून मेंटेनन्स आणि मिळकतकर मिळून ५०-५५ हजार गेले की राहिले साधारण २ लाख १० हजार, म्हणजे ७५ लाखांवर तीन टक्केसुद्धा नाही! आणि ३० लाखांचा हप्ता १५ वर्षांसाठी, ८ टक्क्यांनी, पावणेएकोणतीस हजारांच्या आसपास. म्हणजे फ्लॅट भरलेला असतानाही दर महिन्याला पदरचे घालायचे, किंमत वाढेल त्या आशेवर. चालेल म्हणत असाल तर ठीक, पण रिकाम्या घराचा हप्ता आणि मेंटेनन्स सहा-आठ महिने भरता येईल एवढे पैसे बाजूला ठेवून मगच लोनच्या फॉर्मवर सही करा.

खरं सांगू, मी असतो तर हिंजवडी सोडून चिंचवडमध्येच छोटा, जुना वन बीएचके बघितला असता. तिथे गिऱ्हाईक एका धंद्याचं नसतं, एमआयडीसीतला कामगार, हॉस्पिटलची नर्स, कॉलेजची पोरं, आणि सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलेली कुटुंबं, ज्यांना मुलांच्या शाळेसाठी त्याच भागात राहायचं असतं आणि बरेचदा भाडं बिल्डर देतो. (तीच बिल्डिंग पुढे जास्त फ्लॅट घेऊन तुमच्याच समोर उभी राहते, तेही ध्यानात ठेवा.)

आणि घर घेतलंतच तर भाड्यावर अडून बसू नका, २४ च्या जागी २६ मिळावेत म्हणून एक महिना कुलूप राहिलं की वर्षभराचे जास्तीचे २४ हजार तिथेच गेले. करार रजिस्टर करूनच द्या, आणि सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून घेतात ते) सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त मागत असेल तर वरचे भरू नका, १० टक्के हीच मर्यादा आहे.