आता कोणाला आधी पैसे द्यायचे हे तू ठरवू नकोस

अरे, तुझा मेसेज वाचला. कंपनीच्या खात्यात थोडे पैसे उरलेत, देणी त्याच्या कितीतरी पट आहेत आणि तू विचारतोयस की निदान काकांचे उसने घेतलेले तरी फेडून टाकू का. अजिबात नको.

कंपनी देणी फेडू शकत नाही हे कळल्यावर ते पैसे तुझे म्हणून वापरता येत नाहीत, ज्यांची ज्यांची देणी आहेत त्या सगळ्यांचा त्यावर हक्क असतो. लिक्विडेटर (बंद होणाऱ्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा माणूस) आला की आधी जुनी बँक स्टेटमेंटं काढून बसतो, आणि जवळच्या माणसाला बाकीच्यांना डावलून पैसे दिलेले दिसले तर ते परत मागवता येतात. भारतात आणि इंग्लंडमध्ये जवळच्यांच्या बाबतीत २ वर्षं मागे जाऊन बघतात. म्हणजे तू मदत करायला जाशील आणि काकांनाच नोटीस येईल.

दुसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, नवीन गिऱ्हाइकाकडून ॲडव्हान्स घेणं आजच बंद कर. माल देता येणार नाही हे माहीत असताना घेतलेला ॲडव्हान्स म्हणजे त्या माणसाला जाणूनबुजून रांगेत मागे उभं करणं, कारण तारण असलेली बँक, लिक्विडेशनचा खर्च, कामगारांचे थकलेले पगार यांचं आधी भागतं (क्रम देशागणिक थोडा बदलतो) आणि त्याच्यासारख्या बिनतारणवाल्यांपर्यंत बरेचदा फारसं काही उरतच नाही, शेअरहोल्डर तर त्यांच्याही मागे. पुढचा महिना बरा जाईल म्हणून ओढत राहू नकोस. जर्मनीत कंपनीला देणी भागवणं अशक्य झालं की डायरेक्टरला जास्तीत जास्त ३ आठवड्यांत कोर्टात अर्ज करावाच लागतो, नाही केला तर तो गुन्हा आहे, आणि इंग्लंडमध्ये १९८६ च्या कायद्यानुसार वाचायची आशा नसताना धंदा रेटला म्हणून डायरेक्टरला स्वतःच्या खिशातून भरावं लागू शकतं.

मशिनं आहेत, स्टॉक आहे, येणं आहे असं तू लिहिलंयस. पण ताळेबंदातली किंमत घाईच्या विक्रीत मिळत नाही रे, आणि जुनं येणं तर कंपनी बंद होतेय कळलं की लोक आणखीनच लांबवतात.

बँकेची कागदपत्रं काढून पर्सनल गॅरंटीवर, म्हणजे कंपनीने नाही फेडलं तर मी फेडेन अशा हमीवर, तुझी सही आहे का ते बघ. लिमिटेड कंपनीचं कर्ज कंपनीचंच असतं हे खरं, पण गॅरंटी दिली असेल तर कंपनी बंद झाल्यावरही ती तुझ्या मानेवर राहते. राजीनामा देऊनही सुटका नाही.

स्टाफला बाहेरून कळू देऊ नकोस, तूच सांग, आणि प्रत्येकाचा किती पगार थकलाय ते लेखी दे, क्लेम भरताना त्यांना तेच लागेल. मग देण्यांची पूर्ण यादी घेऊन दिवाळखोरीची कामं करणाऱ्या वकिलाला भेट, नेहमीच्या सीएवर भागवू नकोस. आणि अकाउंटंट सोडून जायच्या आत सगळ्या हिशोबांचा बॅकअप घे, पासवर्डसकट.