आयडी कार्ड आहे, कॉलेजचा ईमेल नाही: ऑफिसची विद्यार्थी सवलत मिळेल का?

ताई, तुमची मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे, तिच्याकडे आयडी कार्ड आहे पण कॉलेजचा ईमेल नाही, आणि सीताबर्डीच्या एका दुकानात 'लाइफटाइम' मायक्रोसॉफ्ट ऑफिस साडेचारशेत मिळतंय, ते घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. घेऊ नका. आधी कॉलेजात जा.

विद्यार्थी कोण, हे मायक्रोसॉफ्ट मुख्यतः संस्थेने दिलेल्या ईमेलवरून ठरवतं. मान्यताप्राप्त कॉलेजने स्वतःची नोंदणी केली की 'ऑफिस ३६५ ए१' हा प्लॅन विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना फुकटच असतं, मग सवलत शोधायची गरजच काय! मात्र मुलीचं आयडी कार्ड सीएच्या क्लासचं असेल, तर ते इथे कामाचं नाही. खासगी शिकवणी म्हणजे मान्यताप्राप्त संस्था नव्हे.

ए१ मध्ये वर्ड, एक्सेल ब्राउझरमध्येच चालतात, त्यामुळे नेट लागतं. एक्सेलचे मॅक्रो (तीच तीच कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) तिथे चालत नाहीत, पण पहिल्या वर्षाला त्यांच्यावाचून काही अडणार नाही. कॉम्प्युटरवर इन्स्टॉल होणारं ऑफिस कॉलेजने पैसे भरून वरचा प्लॅन घेतला असेल तरच मिळतं.

त्या साडेचारशेच्या सौद्याची मला खरंच काळजी वाटते. असे विक्रेते बरेचदा ऑफिस चालू करायची 'की', म्हणजे परवान्याचा कोड, देत नाहीत, भलत्याच कुणाच्या संस्थेच्या खात्यात नवा लॉगिन आयडी काढून देतात. त्या खात्याचा ॲडमिन मुलीच्या फाइल्स उघडू शकतो आणि मनात येईल तेव्हा आयडी बंदही करू शकतो.

कॉलेजचं खातंही कायमचं नसतं, बरं का. माझ्या भाच्याचा अख्खा प्रोजेक्ट कॉलेजच्या वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यावर) होता. निकालानंतर खातं बंद झालं आणि नोकरीच्या मुलाखतीला दाखवायला पोराकडे काहीच उरलं नाही. फार वाईट वाटलं. तुमच्या मुलीला प्रत्येक सेमिस्टरनंतर फाइल्स पेन ड्राइव्हवर उतरवायला सांगा.

कॉलेजने नोंदणीच केलेली नसेल तर लिबरऑफिस टाका. २०१० पासून आहे, पूर्ण मोफत आहे, मराठीतही चालतं. वर्डच्या फाइल्स उघडतं, फक्त तक्ते कधी कधी सरकतात, म्हणून असाइनमेंट पीडीएफ करूनच द्यावी.

आणि हो, कॉलेजच्या कार्यालयातल्या बाबूंना सवलतीबद्दल विचारलंत तर ते फीमाफीचा फॉर्म काढतील. थेट कॉम्प्युटर लॅबच्या सरांना गाठा आणि एवढंच विचारा: विद्यार्थ्यांचे ईमेल आयडी कोण काढून देतं?